एका दरीचं गावपण : आयर्लंडमधलं ग्लेनकोलमकिल

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डॉनेगॉल नावाची काउंटी आहे. तिच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, अटलांटिक महासागराकडे तोंड करून बसलेली एक दरी आहे. इंग्रजी नकाशात तिचं नाव ग्लेनकोलमकिल. रस्त्यावरची पाटी मात्र आयरिशमध्ये, कारण हा आयरिश भाषेचा पट्टा आहे आणि २००५ पासून अशा पट्ट्यातल्या गावांची अधिकृत नावं फक्त आयरिशमध्येच लिहायची असा नियम आहे. पाटी बघत बघत आपण जिथे पोचतो तिथे एक रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना थोडी घरं, दुकान, पब. आता आलं गाव, असं वाटतं. पण त्या वस्तीला स्थानिक लोक म्हणतात ‘कॅशेल’. मग ग्लेनकोलमकिल कुठे आहे?

ते सगळीकडे आहे. समोरच्या डोंगरउतारावर एकेकटी पांढरी घरं दिसतात, ती ग्लेनकोलमकिल. समुद्राकडची मॅलिन मोर आणि मॅलिन बेग ही वस्ती, तीही त्यातच धरायची. गावठाण, वेस, मधोमध देऊळ, पार, अशी गावाची आपल्या डोक्यात बसलेली आकृती इथे लावू गेलं तर हाती काही लागत नाही. कोकणातल्या वाड्या डोळ्यांसमोर आणल्या तर जरा जमतं : नाव एक, वाड्या अनेक, आणि दोन घरांच्या मध्ये एक अख्खी टेकडी.

आयर्लंडमध्ये जमिनीचा सगळ्यात लहान नोंदलेला तुकडा म्हणजे ‘टाउनलँड’. नावात टाउन असलं तरी शहराशी त्याचा काही संबंध नाही. हा शिवाराचा प्रकार. पूर्ण बेटावर असे ६० हजारांहून जास्त टाउनलँड आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव आहे : कुणाचं ओढ्यावरून, कुणाचं जुन्या कुटुंबावरून, कुणाचं नुसतं ‘खडकाळ माळ’ अशा अर्थाचं. टपालाचा पत्ता कित्येक वर्षं एवढाच असायचा : माणसाचं नाव, टाउनलँड, जवळचं टपाल कार्यालय, काउंटी. घराला नंबर नाही, गल्लीला नाव नाही. आडनावंही तीच तीच, म्हणून एकाच नावाची चार माणसं वेगळी ओळखायला बापाचं आणि आजोबाचं नाव मागे जोडायची पद्धत. पोस्टमनला हे सगळं तोंडपाठ.

टाउनलँडच्या वरचा थर पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हाताखालच्या मुलखाचा. तुम्ही कुठले, या प्रश्नाला इथल्या माणसाच्या मनातलं खरं उत्तर बहुतेक वेळा पॅरिशचं असतं. लग्न, मयत, शाळा आणि फुटबॉल, चारही गोष्टी त्याच हद्दीत होतात. चौथी गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, तिच्याकडे पुढे येतो.

माणसं आधी आली, मग संत

दरीला नाव मिळालं ते सहाव्या शतकातल्या कोलमकिल या संतावरून. ‘कोलमकिल’ म्हणजे चर्चचं कबूतर. लॅटिनमध्ये तोच कोलंबा. जन्म याच काउंटीत, गार्टनला, इ. स. ५२१ मध्ये. माणूस कबुतरासारखा शांत होता असं मात्र परंपरा सांगत नाही. त्याने दुसऱ्याच्या मठातल्या पोथीची गुपचूप नक्कल केली, मालकाने नक्कलही आपलीच म्हणून दावा लावला, आणि राजाने निकाल दिला : गाय ज्याची, वासरू त्याचं, पोथी ज्याची, प्रत त्याची. कॉपीराइटवर बोलणारे लोक आजही हा निकाल उगाळतात. या निकालावरून पुढे लढाई पेटली आणि त्या रक्तपाताचं प्रायश्चित्त म्हणून कोलमकिल ५६३ मध्ये देश सोडून स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर गेला, अशी कथा आहे. तिथेच ९ जून ५९७ रोजी तो वारला.

तो खरंच या दरीत राहिला होता, याचा लेखी पुरावा नाही. दरीला त्याची फिकीर नाही. १५३२ मध्ये संकलित झालेल्या त्याच्या चरित्रात गोष्ट येते ती अशी : संत पॅट्रिकने दुसऱ्या एका डोंगरावरून हाकललेली भुतं पळून या दरीत येऊन बसली आणि त्यांनी दरीवर धुकं पांघरलं. कोलमकिलने त्यांना समुद्रात ढकललं आणि त्यांचे मासे झाले, लाल रंगाचे आणि एका डोळ्याने आंधळे, म्हणजे कोळ्यांना ते ओळखू यावेत आणि चुकून खाल्ले जाऊ नयेत. मला या गोष्टीतला हा शेवटचा भाग सगळ्यात आवडतो. भुतांचा बंदोबस्त करतानाही मासे कोण खाणार, याचा विचार झालेला आहे. गोष्ट रचणारे समुद्राकाठचेच असणार.

संताच्या कितीतरी आधी इथे शेतकरी होते. मॅलिन मोरला प्रचंड शिळांची जुनी थडगी उभी आहेत, नवाश्मयुगातली, म्हणजे पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची. त्यातल्या क्लॉखनमोर नावाच्या थडग्यापुढे दगडांनी वेढलेलं मोकळं अंगण आहे. अशी अंगणं मृतांसाठी जमणाऱ्या जिवंत माणसांसाठी असावीत, असं पुरातत्त्ववाले मानतात. नव्या धर्माने जुन्या जागा मोडल्या नाहीत, वापरात घेतल्या. त्याचा नमुना म्हणजे ‘तुरस’.

तुरस या आयरिश शब्दाचा साधा अर्थ प्रवास. पण या दरीत ‘तुरस’ म्हटलं की एकच : ९ जूनला, संताच्या पुण्यतिथीला करायची परिक्रमा. साधारण पाच किलोमीटरची वाट आणि तिच्यावर १५ थांबे. काही थांब्यांवर हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे क्रूस कोरलेले उभे दगड आहेत, काही ठिकाणी नुसती दगडांची रास. जुनी रीत अशी की मध्यरात्रीनंतर निघायचं, अनवाणी चालायचं आणि सूर्य उगवायच्या आत पुरं करायचं. जूनमध्ये एवढ्या उत्तरेला रात्र जेमतेम सात तासांची, तेव्हा रेंगाळायला वाव नाही. प्रत्येक थांब्यावर प्रार्थना म्हणत तीन फेऱ्या घालायच्या, आणि त्या उजवीकडूनच, सूर्य फिरतो त्या दिशेने. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. प्रदक्षिणा हा शब्द आपल्याकडे तयार आहे.

एका थांब्यावर आरपार भोक असलेला उभा दगड आहे. लग्न ठरलेली जोडपी दोन बाजूंना उभी राहून त्या भोकातून बोटात बोट गुंतवायची, असं सांगतात. दुसऱ्या एका जागी डोंगराच्या कुशीत विहीर आहे आणि तिच्याभोवती दगडांची भलीमोठी रास. विहिरीकडे चढताना प्रत्येकाने तीन दगड उचलून न्यायचे आणि राशीत टाकायचे. किती शतकं हे चाललंय ते रास बघितल्यावर कळतं.

आणखी एक बारकावा. पहिला थांबा आहे तो प्रॉटेस्टंट चर्चच्या जवळ. कॅथलिकांची परिक्रमा प्रॉटेस्टंटांच्या दारातून सुरू होते. आयर्लंडमध्ये या दोन पंथांच्या नावाने काय काय झालं ते जगाला माहीत आहे. इथे वाट दोघांच्याही आधीची, त्यामुळे ती आहे तिथूनच जाते.

एका घोड्याचे तीन मालक

आता जमिनीकडे. ही बाजू रुक्ष वाटते, पण ती समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

एकोणिसाव्या शतकापर्यंत पश्चिम आयर्लंडमध्ये ‘रनडेल’ नावाची पद्धत होती. पाच-दहा घरं दाटीने एकत्र, बहुतेक एकमेकांच्या नात्यातली. भोवतालची बरी जमीन सगळ्यांकडे मिळून. ती पट्ट्यांमध्ये वाटायची : प्रत्येकाला थोडी चांगली, थोडी मध्यम, थोडी पाणथळ. कुणी नुसतं सोनं घेऊ नये आणि कुणाच्या वाट्याला नुसती दगडं येऊ नयेत. वरच्या डोंगरावर सगळ्यांची गुरं चरणार, पण कुणाची किती, हे ठरलेलं. गाय म्हणजे एक वाटा, मेंढ्या अमुक इतक्या मिळून एक वाटा. कागदावर लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडी.

न्याय्य होतं, पण पिढी वाढली की पट्टे फाटायचे. डॉनेगॉलमधला त्या काळचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. एका घोड्याचे मालक तिघं. तिघांनीही एकेका पायाला नाल ठोकून घेतली. चौथ्या पायाची नाल कुणी ठोकायची यावर भांडण लागलं, आणि घोडा लंगडा. तुकडेबंदीचा कायदा का करावा लागला हे ज्यांनी आपल्याकडच्या सातबाऱ्यावर बघितलंय त्यांना या घोड्याची ओळख लगेच पटेल.

जमिनीचे मालक हे लोक नव्हतेच. ते कुळं होते. मालक लांबचा, त्याचा कारभारी जवळचा, आणि खंड दोघांनाही हवा. धान्य किंवा जनावर विकून खंड भरायचा आणि स्वतः बटाटा खायचा, अशी विभागणी. बटाटा एवढ्याशा तुकड्यात, पाणथळ उतारावरसुद्धा, अख्ख्या कुटुंबाला पोसतो. त्याच्याच जोरावर कुटुंबं मोठी झाली आणि तुकडे लहान.

१८४५ मध्ये बटाट्यावर करपा आला. पाने काळी, कंद जमिनीतच कुजलेले, आणि पुढची काही वर्षं हेच. आयर्लंडची लोकसंख्या १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख होती. १८५१ ला ती ६५ लाखांच्या आसपास. दहा लाखांच्या वर माणसं मेली आणि साधारण तितकीच जहाजांत बसली. त्या वर्षांतही देशातून धान्य आणि गुरं बाहेर जात होती, ही जखम अजून बोलण्यात येते. पश्चिमेकडच्या डोंगरउतारांवर तिरप्या उन्हात आजही समांतर रेघा उमटतात. ते जुन्या बटाट्याच्या शेतांचे वरंबे. आज कुणी नांगर नेणार नाही इतक्या उंचावर ते गेलेले आहेत. त्यांच्याकडे बघितलं की तिथवर माणसाला कशाने ढकललं असेल ते आकड्यांपेक्षा लवकर कळतं.

दुष्काळ ओसरला तरी गळती थांबली नाही. सरकारने १८९१ मध्ये पश्चिमेसाठी एक मंडळ स्थापन केलं आणि या भागाला ‘दाटीचा भाग’ म्हटलं. रिकाम्या डोंगरांना दाटीचा म्हणायचं हे विचित्रच. पण दाटी म्हणजे माणसांची गर्दी असा त्याचा अर्थ नव्हता. तिथल्या जमिनीला झेपतील त्यापेक्षा माणसं जास्त, असा होता. या मंडळाने धक्के बांधले, विणकाम शिकवलं आणि रनडेलचे पट्टे मोडून प्रत्येकाला सलग जमीन दिली. घरंही ज्याच्या त्याच्या जमिनीवर हलली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्यांनी कुळं मालक झाली.

म्हणजे डोंगरावर विखुरलेली घरं बघून आपण ‘वा, काय निवांत!’ म्हणतो, ती मांडणी फार जुनी नाही. ती पट्टेवाटपातून आली. आधीची माणसं एकमेकांच्या अंगणात राहत होती. घरं लांब गेली, सवयी मात्र जवळच्याच राहिल्या. माझ्या मते या दरीचं सगळं गावपण या एका विसंगतीतून निघालेलं आहे.

मेहल, म्हणजे आपलं इर्जिक

आयरिशमध्ये एक शब्द आहे, उच्चार साधारण ‘मेहल’. एकाचं काम सगळ्यांनी मिळून उरकायचं, मजुरी नाही, त्या दिवशीचं जेवण त्याच्या घरी, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्याकडे. मराठीत याला इर्जिक म्हणतात. शब्द आता खेड्यातही कमी ऐकू येतो, पण दुसरा कुठला शब्द इतका बिनचूक बसणार नाही.

या भागात मेहलचं मुख्य काम पीट काढायचं. पीट म्हणजे हजारो वर्षं पाणथळ जागी साचून दबलेल्या वनस्पतींची काळी माती. ती वाळवली की जळते. झाडं नव्हती, कोळसा परवडत नव्हता, म्हणून चूल आणि शेकोटी दोन्ही हिच्यावर असायची. वसंतात वरचा गवताचा थर काढायचा. मग एका बाजूला पातं असलेल्या अरुंद फावड्याने विटेच्या आकाराचे ओले तुकडे कापायचे. लोण्यासारखे कापले जातात. एक जण कापतो, दुसरा खालून झेलून वर टाकतो, तिसरा ते पसरतो. थोडे दिवस वारा खाल्ला की चार-पाच तुकडे एकमेकांना टेकवून उभे करायचे, म्हणजे मधून हवा खेळते. हे काम वाकून, बहुतेक पोरांच्या वाट्याला. पाऊस आला तर पुन्हा. ऑगस्टपर्यंत ते हलके आणि कडक होतात आणि घराच्या भिंतीला लागून रचले जातात. एका कुटुंबाने एकट्याने हे करायचं म्हटलं तर उन्हाळा त्यातच जाईल.

छपराचंही तेच. डॉनेगॉलच्या किनाऱ्यावरची गवताने शाकारलेली घरं नीट बघितली तर छपराचा माथा गोलसर असतो, धारदार नसतो, आणि छपरावरून आडवे-उभे दोर टाकून ते भिंतीत ठोकलेल्या दगडी खुंट्यांना बांधलेले असतात. अटलांटिकचा वारा टोकदार छप्पर उचलून नेतो, म्हणून ही जाळी. आत चुलीजवळ भिंतीत खोबण काढून तिथे पलंग बसवलेला, बहुतेक म्हाताऱ्या माणसांसाठी. घरातली सगळ्यात ऊबदार जागा त्यांची.

हिवाळ्याच्या रात्री एका ठरलेल्या घरी सगळे जमायचे. गोष्टी, फिडल, गावातल्या भानगडी. याला इथे ‘आर्न्याल’ म्हणतात. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण धरायची आणि वाजवायची तऱ्हा निराळी. डॉनेगॉलच्या वादनात धनुकलीचे झटके छोटे आणि जोरकस. जॉन डोहर्टी हा या भागातला मोठा वादक, धंद्याने फिरता कथिलवाला. भांडी सांधत घरोघर जायचा आणि ज्या घरी मुक्काम तिथे रात्री वाजवायचा. अनेकदा त्याच्याकडे स्वतःचं वाद्यही नसे, घरातलं घ्यायचा. १९८० मध्ये तो गेला. दरीतलाच जेम्स बर्न, २००८ मध्ये वारलेला, त्याच परंपरेतला. धून शिकवताना ही कुणाकडून आली ते आधी सांगायचं, मग वाजवायची, अशी इथली रीत. आपल्याकडे बंदिशीच्या आधी गुरूचं नाव घेऊन कानाला हात लावतात, तसंच काहीसं.

मयतीला तर विचारायलाच नको. स्थानिक रेडिओवर रोज निधनवार्ता वाचल्या जातात : नाव, टाउनलँड, पार्थिव कुठल्या घरी, अंत्यविधी किती वाजता. ऐकणारे हातातलं काम थांबवतात. मग दोन रात्री त्या घरी रीघ. चहाच्या किटल्या, सँडविचचे डोंगर, शेजारच्या घरांतून मागवलेल्या खुर्च्या. खड्डा शेजारी खणतात.

फादर मॅकडायर आणि सहकार

हे सगळं असूनही पोरं जातच होती. उन्हाळ्यात टोळ्या स्कॉटलंडला बटाटे काढायला, हिवाळ्यात परत. काही परत येत नसत. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणाचं जे केलं ते इथे ग्लासगोने केलं : मनिऑर्डरीवर चूल पेटती राहिली आणि घरातला तरणा माणूस फोटोत राहिला.

१९५१ मध्ये जेम्स मॅकडायर नावाचे कॅथलिक धर्मगुरू इथे नेमले गेले. त्याआधी लंडनमध्ये काम करताना त्यांनी स्थलांतरित आयरिश मजूर जवळून पाहिले होते, नंतर डॉनेगॉलच्याच किनाऱ्याजवळच्या टोरी बेटावरही राहिले होते. दरीत त्यांना दिसलं ते असं : वीज नाही, नळाचं पाणी नाही, धड रस्ता नाही, दवाखाना नाही, रोजगार नाही. दर रविवारी प्रार्थनेला तरुणांच्या जागा रिकाम्या.

त्यांनी पहिलं काय केलं? समाजमंदिर बांधलं. नाच, नाटक, सभा यांसाठी एक मोठी खोली. साहित्यापुरते पैसे गोळा केले, मजुरी मेहलची. लोक दिवसाची कामं उरकून येत आणि आठवड्यांच्या हिशोबात इमारत उभी राहिली. पाणी-वीज सोडून आधी नाचाचा हॉल? मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. तरुण माणूस गाव सोडतो तो पगारासाठी हे खरं, पण शनिवारी संध्याकाळी करायला काही नसतं म्हणूनही सोडतो. आणि दुसरं, आपण मिळून काहीतरी उभं करू शकतो हे लोकांना आधी डोळ्यांनी दिसायला हवं होतं.

मग त्यांनी सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. वीज आली, पाणी आलं, रस्ता सुधारला. साठच्या दशकात सहकारी संस्था उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांनी भाज्या पिकवायच्या आणि सरकारी साखर कंपनीच्या साथीने इथेच कारखान्यात त्यांवर प्रक्रिया करायची. शिवाय विणकाम, मासळी, पर्यटकांसाठी भाड्याची घरं. त्याच्या दहाएक वर्षं आधी आपल्याकडे प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. एकमेकांची खबर नसताना दोन टोकांची माणसं एकाच उत्तरापाशी पोचली होती. लहान शेतं एकत्र करून सगळ्यांनी मिळून कसावं असंही मॅकडायर म्हणू लागले, तेव्हा त्यांना कम्युनिस्ट म्हणणारेही निघाले. धर्मगुरूला कम्युनिस्ट म्हणायचं, तेही पन्नास-साठच्या दशकातल्या कट्टर कॅथलिक आयर्लंडमध्ये! रनडेलच्या आठवणी असलेल्या शेतकऱ्यांना मात्र ते वेगळ्या कारणाने पटेना. मोठ्या मुश्किलीने स्वतःच्या नावावर झालेली सलग जमीन पुन्हा सगळ्यांच्यात घालायची? घोड्याचा चौथा पाय कुणी विसरलं नव्हतं.

भाजीचा धंदा टिकला नाही. ओली, आम्लधर्मी जमीन, पाऊस, बाजार लांब, किंमत दुसऱ्याच्या हातात. इथे मेहल आणि सहकार यांतला फरक उघडा पडतो, आणि लेखांमध्ये तो बहुतेक वेळा झाकला जातो. मेहल एका कामापुरती असते : पीट काढलं, छप्पर शाकारलं, जेवलो, घरी गेलो. कारखान्याला वर्षाचे सगळे दिवस माल लागतो, हिशोबनीस लागतो, कर्जाचा हप्ता भरायला लागतो, आणि शेजाऱ्याचा माल खराब निघाला तर तो परत करायला लागतो. शेजाऱ्याला असं तोंडावर ‘नाही’ म्हणणं हे इर्जिकीच्या नियमात बसत नाही. हॉल बांधणारी माणसं आणि कारखाना चालवणारी माणसं तीच होती. पण पहिल्या कामाला जी सवय उपयोगी पडली तीच दुसऱ्यात आडवी आली.

जे टिकलं ते १९६७ मध्ये सुरू झालेलं लोकग्राम. समुद्राच्या काठी, जुन्या पद्धतीने शाकारलेली घरं. त्यातली तीन, एकेका शतकाच्या अंतराने लोक कसे राहत ते दाखवणारी. अठराव्या शतकातल्या घरात मातीची जमीन आणि जवळपास रिकामी खोली. विसाव्या शतकातल्या घरात घड्याळ, चिनी मातीच्या बशा, भिंतीवर संतांच्या तसबिरी. लोक स्वतःच्याच गरिबीचं तिकीट लावून प्रदर्शन मांडतात, अशी टीका यावर करता येईल. पण त्याची मालकी कुणा हॉटेलवाल्याकडे न जाता गावाकडेच राहिली, आणि वादळानंतर छपराचे दोर पुन्हा ओढून बांधणारे हात स्थानिकच. मॅकडायर १९८७ मध्ये वारले.

भाषा शिकायला येणारी माणसं

जिथे आयरिश ही रोजची भाषा आहे किंवा होती अशा पट्ट्यांना ‘गेल्टाख्त’ म्हणतात. दरी त्यात मोडते. १९३७ च्या संविधानात आयरिशला पहिली अधिकृत भाषा म्हटलं आहे, शाळेत ती सक्तीची आहे, आणि तरीही बहुसंख्य आयरिश माणसं ती शाळा सुटताच विसरतात. दरीतही आज दुकानात-पबमध्ये इंग्रजी बरीच ऐकू येते.

१९८४ मध्ये इथे ‘ओइजस गेल’ नावाची संस्था सुरू झाली. तिने शाळकरी मुलांऐवजी प्रौढांना डोळ्यांसमोर ठेवलं. शाळेत ज्यांना भाषेची भीती बसली ते बँकवाले, परिचारिका, निवृत्त शिक्षक. शिवाय जर्मन, अमेरिकन, जपानी. सकाळी वर्ग, दुपारी डोंगर चढायचा किंवा बोधरान नावाचा डफ शिकायचा, पण आयरिशमधून. रात्री पबमध्ये तीच मोडकी वाक्यं. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या मेरी मॅकअॅलिस यांनीही इथे आयरिशचे धडे घेतले आहेत.

विद्यार्थी म्हणजे भाड्याच्या खोल्या, जेवणं, दुकानाचा धंदा. भाषा टिकवणं आणि घर चालवणं या दोन गोष्टी इथे एकाच पावतीवर येतात. शिकणाऱ्यांना घरी ठेवणाऱ्या बाईला आयरिशमध्ये ‘बॅन-अ-ती’ म्हणतात, घरधनीण. व्याकरण वर्गात, पण ‘अजून एक बटाटा घे’ हे तिच्याकडून शिकायचं.

आणि फुटबॉल

पॅरिशच्या चौथ्या गोष्टीकडे येतो म्हटलं होतं. गेलिक फुटबॉल हा हाताने आणि पायाने दोन्हींनी खेळायचा पंधरा-पंधरा जणांचा खेळ. १८८४ मध्ये स्थापन झालेली गेलिक अॅथलेटिक असोसिएशन तो चालवते. यात पगारी खेळाडू नाहीत. काउंटी संघातून ऐंशी हजार प्रेक्षकांसमोर खेळलेला माणूस सोमवारी शाळेत शिकवायला किंवा भिंत रंगवायला जातो. क्लब पॅरिशचा, आणि पटेल त्या क्लबात जायची मुभा जवळपास नाहीच. जिथे वाढलात तिथलेच. या दरीचा क्लब संताच्याच नावाने आहे.

डब्लिनला किंवा गॉलवेला नोकरी लागलेला मुलगा सरावासाठी शुक्रवारी रात्री चार तास गाडी हाकत येतो. इतर कशासाठी आला नसता. आईला तो दोन दिवस घरी दिसतो, शनिवारी सकाळी बापाबरोबर मेंढ्या वळवतो, दुपारी सामना, रविवारी पुन्हा रस्त्याला. एका पिढीत अशी दहा-बारा मुलं कमी झाली की मात्र पंधरा जणांचा संघ उभा राहत नाही, आणि पॅरिशला न पटणारा प्रश्न समोर येतो : शेजारच्या पॅरिशमध्ये मिसळायचं का? ज्यांच्याशी शंभर वर्षं भांडलो त्यांचा रंग अंगात घालायचा का? पश्चिम किनाऱ्यावर हे अनेक ठिकाणी झालंय आणि होतंय.

संघ घरी खेळत असला की कॅशेलचा रस्ता अर्धा तास गाड्यांनी भरून जातो. त्यानंतर मेंढ्या रस्त्यावर येऊन बसतात, डांबर गरम असतं म्हणून.